लोखंडी नांगर घरोघर कसा गेला

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चूल, गुरे आणि शेत यांच्या रगाड्यात किराणाच्या यादीपलीकडे हाती लेखणी धरण्याचा प्रसंग येत नाही. परंतु गेल्या खंडेनवमीला आमच्या घरी एक गोष्ट घडली आणि तिचा मंडळाच्या कामाशीही संबंध आहे असे मला वाटले. म्हणून हे धाडस.

खंडेनवमीला आमच्याकडे औजारांची पूजा असते. विळा, खुरपे, कुऱ्हाड, कुळव आणि परड्यात गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा असलेला जुना लोखंडी नांगर. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, त्यामुळे तो वर्षातून एकदाच धुतला जातो. या वेळी त्याला हळदकुंकू वाहत असताना मुलगा म्हणाला, "आई, भंगारवाला किलोवर घेतोय. देऊन टाकू या." आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हा नांगर घरात आला तेव्हा भाऊबंदांनी महिनाभर बोलणं टाकलं होतं. लोखंडानं जमीन नासेल म्हणायचे." हे त्यांनी त्यांच्या सासऱ्यांकडून ऐकलेले.

मला नवल वाटले. लोखंडाने जमीन नासते? मग मी वाचनालयातून पुस्तके आणून, दुपारचे थोडे थोडे वाचू लागले. जे समजले ते माझ्या शब्दांत सांगते.

पूर्वी आपल्याकडे सगळीकडे लाकडी नांगर होता. बाभळीचे लाकूड गावातलेच, घडवणारा सुतारही गावातलाच. लोखंड काय ते फाळापुरते. मोडला तर दुपारपर्यंत दुरुस्त, आणि सुताराला बलुते म्हणून सुगीला धान्य. म्हणजे रोख पैसा लागतच नसे. पण हा नांगर माती चिरतो, उलथत नाही. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा माजला की त्यांच्या मुळ्या तशाच खाली राहतात. भारी जमिनीत तर एका नांगराला तीनचार बैलजोड्या जुंपाव्या लागत. ज्याच्याकडे एकच जोडी, त्याने दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसायचे. लोखंडी नांगराला बाकदार पंखा असतो. तो माती कापून पालथी घालतो, तणाच्या मुळ्या वर येतात आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळून जातात.

एवढे फायद्याचे औजार लोक का नाकारत होते? भगिनींनो, हे वेड केवळ आपल्या शेतकऱ्याचे नव्हते. अमेरिकेत न्यू जर्सी भागात चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या गृहस्थाने 1797 साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तिथल्या शेतकऱ्यांनीही हेच म्हटले की लोखंडाने जमिनीला विष बाधेल आणि तण माजेल. त्यामुळे त्याचा नांगर काही खपला नाही. पुढे जेथ्रो वुड याने 1819 साली पेटंट घेतलेल्या नांगराचे भाग सुटे होते. एक भाग झिजला तर तेवढाच बदलायचा. मग नांगर पसरू लागला. 1837 साली इलिनॉय प्रांतातल्या जॉन डिअर या लोहाराने पाहिले की तिथली चिकट माती ओतीव नांगराला लदलदा चिकटते. त्याने मोडक्या करवतीच्या पोलादी पात्याचा गुळगुळीत नांगर केला. माती आपोआप घसरून पडू लागली. आज जगभर चालणारी त्याची कंपनी त्या एका नांगरातून उभी राहिली. ज्याने शेतकऱ्याच्या अडचणीला औजारातच उत्तर दिले त्याचा माल खपला, असे मला यातून दिसले.

आता आपल्याकडे येऊ. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकायला ते मुंबईस गेले, परंतु काही रंग त्यांना नीट ओळखू येत नसत. म्हणून ते यंत्रांच्या आकृत्या काढण्याकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. इकडे बेळगावला बंधू रामूअण्णांसह 1888 साली सायकलींच्या दुकानापासून व्यवसायाला सुरुवात झाली होती. पुढे नोकरीत डावलले गेले तेव्हा लक्ष्मणराव ती सोडून बेळगावला आले. आधी कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि 1903 साली लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली. कारण तेच. लोखंड जमिनीला बाधते, हा समज. मला वाटते, नुसता समज नसेल. जो कधी रोख पैसा मोजून नांगर घेत नाही, तो पहिल्याने का मोजील? मोडला तर गावचा सुतार हात लावणार नाही, मग पेरणीच्या ऐन दिवसांत काय करायचे? आपण बायका नवा कुकर घेताना रबर आणि शिट्टी कुठे मिळेल ते आधी विचारतो. तसेच हे.

लक्ष्मणरावांनी दोष शेतकऱ्याला दिला नाही, हा त्यांचा मोठेपणा. नांगर नुसता दुकानात मांडून चालत नाही, शेतात चालवून दाखवावा लागतो. ज्याने एकदा आपल्या रानात हरळी मुळासकट वर आलेली पाहिली, त्याला व्याख्यान लागत नाही.

फाळाची गोष्ट तर आपल्या विळीसारखी आहे. फाळ मऊ असला तर चार दिवसांत बोथट होतो, आणि सगळाच कडक असला तर दगडावर फुटतो. यावर इंग्लंडात रॉबर्ट रॅन्सम याने 1803 साली युक्ती काढली होती. साच्याच्या एका बाजूला थंड लोखंड ठेवायचे. ओतलेला रस त्या बाजूने झटकन निवतो आणि कडक होतो, दुसरी बाजू सावकाश निवून मऊ राहते. मग चालता चालता मऊ बाजू आधी झिजते आणि कडक बाजूची धार आपोआप राहते. अशा फाळांचे विलायती नांगर बाजारात असताना बेळगावच्या भट्टीतला फाळ तसाच टिकणे भाग होते. देशी म्हणून लोक एकदा घेतील, दुसऱ्यांदा घेतील ते टिकला तरच.

धंदा जरा मार्गी लागतो तोच बेळगावची जागा नगरपालिकेने वस्तीसाठी घेतली. भट्टीसकट बिऱ्हाड उचलण्याची वेळ आली. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. 10 मार्च 1910 रोजी तिथे किर्लोस्करवाडी वसली. पाणी नाही, सावली नाही. निवडुंग आणि सापच सगळीकडे.

पण जागा वाटते तेवढी वाईट नव्हती. रेल्वे दाराशी होती. लोखंड आणि कोळसा बाहेरून आणायचा, नांगर चहूकडे धाडायचे, तर आगगाडीसारखे दुसरे साधन नव्हते. आणि भोवती कृष्णाकाठची काळी जमीन, म्हणजे गिऱ्हाईकही दाराशीच.

पुस्तकांत लिहिले आहे की लक्ष्मणरावांबरोबर 25 कामगार आणि त्यांची कुटुंबे आली. 'कुटुंबे' हा एक शब्द लिहून मोकळे होता येते. पण निवडुंगाच्या माळावर तीन दगड मांडून पहिली चूल पेटवली ती कुणी? लांबून पाणी आणले ते कुणी? नांगराच्या इतिहासात त्या बायकांची नावे आलेली नाहीत. त्यांना माझा मनोमन नमस्कार.

पुढे 1914 साली महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी माल येईनासा झाला. नांगराला मागणी वाढली, पण लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ तशीच बसले. ज्या लोखंडाने माणसे मारायची, त्याने जमीन कसली.

नांगर विकला म्हणजे काम संपले असे नाही. फाळ झिजतो, बोल्ट हरवतो. सुटा भाग हंगामात मिळाला नाही तर सगळा नांगर पडून राहतो आणि शेतकरी दहा जणांना सांगतो की घेऊ नका. म्हणून गावोगावचे विक्रेते, गिऱ्हाईक आणि कारखाना यांच्यात बोलणे चालू राहावे लागते. त्यासाठी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 1920 साली 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याच्या त्या पत्रकाचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि 1930 साली त्याच घरातून 'स्त्री' मासिक निघाले. आपल्या आजी-आईच्या पिढीला 'स्त्री'ने किती धीर दिला हे सांगायला नको. त्याचे मूळ नांगर विकण्याच्या खटपटीत आहे हे मला पन्नाशीजवळ आल्यावर कळले.

अडचणी मात्र संपल्या नाहीत. 1929 नंतर जगभर मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही तर नांगर कोण घेणार? शेतीची औजारे करणाऱ्याचे नशीब पावसाशी आणि बाजारभावाशी बांधलेले असते. नांगर न खपल्यावर कारखान्याने लोखंडी खुर्च्या-टेबले केली. 1926 पासून पंप सुरू झाले होतेच. आज किर्लोस्करवाडीची ओळख पंपांचीच आहे. लक्ष्मणराव 1956 साली वारले.

आता मंडळाची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आपण ठेवीतून दोन सायकल कोळपी घेतली. चाकाचे कोळपे उभ्याने ढकलायचे, ओळीतले तण निघते, कंबर वाकवावी लागत नाही. भाड्याने देऊ, मंडळालाही दोन पैसे मिळतील, असे ठरले होते. ती कार्यालयाच्या कोपऱ्यात धूळ खात पडली. गेल्या सभेत काही भगिनींनी सांगितले की विकून टाका, बायकांना नवे काही नको असते. मीही मान डोलावली होती, हे कबूल करते.

हे सारे वाचल्यावर मला माझीच लाज वाटली. आपण कोळपी कोपऱ्यात ठेवली आणि बायकांनी येऊन मागावीत म्हणून वाट पाहिली. म्हणून मी एक शेतावर नेले. चार सरींत खांदे भरून आले. मग ध्यानात आले की मूठ पुरुषाच्या उंचीला केलेली आहे. ढकलताना आपले कोपर वर राहते, जोर मिळत नाही. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून मूठ वीतभर खाली घेतली. दुसऱ्या दिवशी भुईमुगात चालवले तर निम्मे रान दुपारपर्यंत झाले. शेजारच्या जाऊबाई बांधावर उभ्या होत्या. मी काही बोलले नाही. संध्याकाळी त्याच घरी येऊन म्हणाल्या, "उद्या मला देता का?" आता त्यांच्यानंतर आणखी तिघींनी सांगून ठेवले आहे.

माझे सांगणे एवढेच आहे. नांगर पुरुष धरतो, म्हणून नांगराच्या सुधारणेला शंभर-दीडशे वर्षे शहाणी माणसे लागली. कमरेत वाकून खुरपे बाई धरते. तिच्या खुरप्याकडे पाहायला कुणाला सवड झाली नाही. आता कुठे वजनाला हलके विळे, चाकाची कोळपी अशी औजारे येत आहेत. परंतु करणाऱ्याला आपली अडचण आपणच सांगितली पाहिजे, आणि ती सांगायची तर औजार आधी आपल्या हातांनी वापरून पाहिले पाहिजे. सहा नांगरांसाठी लक्ष्मणराव दोन वर्षे थांबले. येत्या सभेत कोळपी विकण्याचा ठराव येणार आहे. दुसऱ्याचीही मूठ खाली घेऊन, एक हंगाम आळीआळीने चालवून पाहावे आणि मग काय ते ठरवावे, अशी माझी सर्व भगिनींना हात जोडून विनंती आहे.

परड्यातला नांगर भंगारात गेला नाही. मुलाने स्वतःच त्याला तेल लावून ओसरीच्या कडेला उभा केला आहे.

— एक सभासद