एंटरची कळ : ओळ बदला की उत्तर पाठवा?

संगणकावर स्वाध्याय सोडवणाऱ्या विद्यार्थ्याकडे एकदा निरखून पाहा. पाण्याचा उत्कलनबिंदू विचारला आहे. त्याने चौकटीत १०० लिहून एंटर दाबले. काहीच झाले नाही. मग माऊस घेऊन तो 'पाठवा' हे बटन शोधू लागला. पुढच्या प्रश्नात कारण लिहायचे होते. एक वाक्य लिहून नव्या ओळीसाठी त्याने एंटर दाबले, आणि अर्धेच उत्तर निघून गेले! चूक त्याची नाही. या एका कळीकडे दोन कामे आली आहेत, ती कशी ते पाहू.

टायपिंगची परीक्षा दिलेल्यांना आठवत असेल : ओळ संपत आली की घंटी वाजे. डाव्या हाताने लिव्हर ढकलला की कागद एक ओळ वर सरके आणि कॅरेज उजवीकडे जाई. रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये शोल्स आणि ग्लिडन यांचे यंत्र बाजारात आणले, तेव्हा कॅरेज परत नेण्याचे काम चक्क पायाने करायचे होते. कंपनी शिलाई यंत्रेही बनवत असे, त्यांचीच पायपट्टी इथे आली!

टेलिप्रिंटरमध्ये लिव्हरच्या जागी विजेच्या खुणा आल्या. १९६३ चे टेलिटाइप ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे छापी. छापणारा भाग ओळीच्या आरंभी परतायला एका अक्षरापेक्षा अधिक वेळ लागे. 'मागे जा' आणि 'कागद सरकव' या दोन वेगळ्या खुणांमुळे तेवढी सवड मिळे. आस्की संकेतात त्यांचे क्रमांक १३ आणि १० आहेत, आजही. हीच यंत्रे संगणकाला जोडली गेली आणि कळीचा अर्थ पालटला. 'ओळ संपली' म्हणजे 'माझे सांगून झाले, आता तू बोल'.

आयबीएमच्या १९७१ च्या ३२७० पडद्यावर ही कामे वेगळी होती : नव्या ओळीची कळ निराळी, आणि भरलेला पडदा पाठवायला एंटर. व्यक्तिगत संगणकांनी मात्र दोन्ही कामे एकाच मोठ्या कळीवर टाकली.

नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले, घर आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी. छापील पुस्तकातल्या प्रश्नाचे उत्तर कुठे संपले, हे विद्यार्थीच ठरवतो. पडद्यावर ते कळ ठरवते, आणि दूरशिक्षणात विचारायला शेजारी शिक्षक नसतो. म्हणून १९९५ च्या एचटीएमएल २.० मधला एक छोटा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो : अर्जात एकच, एका ओळीची चौकट असेल, तर एंटर म्हणजे 'पाठवा'. अनेक ओळींच्या चौकटीत एंटर नवी ओळच देते. पाठ तयार करणाऱ्याने चौकट नीट निवडली, तर निम्मे काम होते.

उरलेले निम्मे आपल्या भाषेचे. रोमन अक्षरांत उच्चार टंकित करून मराठी लिहिणारे पुष्कळ आहेत. पर्यायांच्या यादीतला शब्द पक्का करायला ते एंटरच दाबतात. म्हणजे तिसरे काम! शब्द अजून घडतो आहे की पुरा झाला, हे ब्राउझर पाठाला सांगू शकतो. पण पाठाने ते विचारले पाहिजे. नाहीतर 'बाष्पीभवन' लिहू पाहणाऱ्याचे 'बाष्प' एवढेच तपासायला जाते, आणि पडद्यावर शेरा उमटतो : चूक.