राखणदाराची भाकरी

राजगड-तोरण्याच्या पायथ्याशीं, भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखांत, भात आणि नाचणी हीं जुनीं पिकें. तेथल्या वाड्यावस्त्यांवर गुरें राखणाऱ्या कुत्र्याला धन्याच्याच घरची भाकरी व ताक मिळे. धान्य पचविण्याची शक्ति कुत्र्यानें माणसाच्या सहवासांत कमावली, हें २०१३ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं जनुकांवरून दाखविलें.

मग नुसत्या भाकरीवर त्याचें भागतें काय? लंडनांत एडवर्ड मेलनबी यांनीं कुत्र्याचीं पिलें घरांत कोंडून मुख्यतः ओटच्या लापशीसारख्या अन्नावर ठेविलीं. त्यांचीं हाडें वांकलीं. कॉड माशाचें तेल दिल्यावर हा विकार टळला. १९१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांनीं मुडदुसाचें मूळ आहारांत दाखविलें, आणि पुढें ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध लागला. असंख्य मुलांचे पाय सरळ राहिले, ते या पिलांच्या वेदनांच्या मोलानें.

डोंगरांतलें मोकळें कुत्रें भाकरींतलें उणें उंदीर-घुशी मारून भरून काढी. शहरांत साखळीनें बांधलेल्या कुत्र्यास ती सोय नाहीं. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तांदळांत जेमतेम दहा. तरीही मांस-अंड्यांवांचून नाचणी अपुरी, आणि हाडांतल्या कॅल्शियमवांचून नुसतें मांसही अपुरें. कांदा, लसूण व मनुका तर त्याला विषारीच. म्हणून त्याच्या जेवणाचें प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावें.

रान आपण त्याच्यापासून काढून घेतलें; त्याची भरपाई आतां आपल्या स्वयंपाकघरानेंच केली पाहिजे.