न आलेल्या गिऱ्हाइकांचा हिशेब

आमच्या मामांचे झवेरी बाजारानजीक कापडाचे चिमुकले दुकान होते. १२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी मुंबईत एकामागून एक बॉम्ब फुटले, २५७ माणसे प्राणास मुकली. त्यांतला एक बॉम्ब त्याच बाजारातला. मामा वाचले. पुढे एका दिवाळीत, वहीपूजनाच्या वेळी, मी त्यांची त्या वर्षाची जुनी वही चाळली, तो नुकसानीची नोंद एकच : फुटलेल्या काचा.

"आणि मामा, गिऱ्हाईक तुटले त्याचे काय?"

"अरे, जे आलेच नाही ते कुठल्या खाती मांडू?"

मामांचा हाच प्रश्न मोठमोठ्या पंडितांनाही पडला आहे, हे मला फार उशिरा कळले.

स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रांत आहे. पोलाद आणि जहाजे यांवर गबर झालेला हा मुलूख १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दरडोई उत्पन्नात देशात तिसरा होता. स्वतंत्र बास्क राष्ट्रासाठी 'एटा' या संघटनेने १९६८ पासून माणसे मारायला आरंभ केला. उद्योगपतींना पळवावे, खंडणी उकळावी, हा क्रम पुढे कित्येक वर्षे चालला. शतक संपता संपता प्रांत सहाव्या क्रमांकावर आला. पण हे सारे बॉम्बचेच पाप कशावरून? पोलादाचा धंदा तर त्याच काळात इतरत्रही बसला होता.

अबादी आणि गार्देआसाबाल या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेली युक्ती मोठी नामी आहे. कातालोनियाचे ८५ भाग आणि माद्रिदचे १५ भाग कालवून त्यांनी कागदावर दुसराच एक बास्क प्रांत उभा केला. दहशतीपूर्वी दोघांची चाल जवळजवळ सारखी. नंतर खरा प्रांत मागे पडत गेला, सरासरी दहा टक्क्यांनी. शिवाय १९९८-९९ मध्ये एटाने शस्त्रसंधी केली, तेव्हा बास्क कंपन्यांचे शेअर इतरांहून चढले आणि संधी मोडताच घसरले. मला तर हा दुसरा पुरावाच अधिक पटतो. शेअरबाजाराला कुणाची भीडमुर्वत नसते.

मुंबईला ही युक्ती लावावी म्हटले, तर तिची जुळी बहीण कुठून आणायची? त्यातून स्फोटांच्या आधी, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, दंगली झालेल्या. मामांचे दोन गडी जानेवारीतच गावी गेले होते. मार्चअखेर येतो म्हणून त्यांनी कळवले होते, आलेच नाहीत. त्यांची खोट दंगलीच्या खाती घालायची की स्फोटांच्या, हे मामा मला पुष्कळ वर्षे विचारीत असत.