घासदाणा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. घरात सध्या सहलीची धामधूम चालू आहे. जानेवारीत दहा दिवस गाडीने काठेवाड फिरायचे ठरते आहे. धाकटा चिरंजीव गाडी चालवणार, नातवाने दोन तंबू आणून ठेवले आहेत आणि सूनबाईंचे माहेर अमरेलीचे, त्यामुळे तिथे दोन दिवस मुक्काम ठरलेलाच. राळेगणहून नाशिक, सापुतारा, सुरत, बडोदे, अमरेली, मग सोमनाथ, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने पोरबंदर, द्वारका, ओखा. बेट द्वारकेला पूर्वी होडीने जावे लागे, आता 2024 पासून पूल झाला आहे. तिन्ही बाजूंना समुद्र, तरी जमीन कोरडी. ओखामंडळ तर फारच रुक्ष. पाऊस आमच्या पारनेरसारखाच बेभरवशाचा.

माझ्याकडे नकाशाचे काम आले. मास्तरकी सुटली तरी नकाशा सुटत नाही! कोणत्या गावाजवळ तंबू टाकायचे, पाणी कुठे मिळेल, याच्या खुणा करत होतो. तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला. हसत हसत म्हणाले, "गुरुजी, दसरा झाल्यावर तुमच्याकडचे लोक तंबू घेऊन यायचे, तेव्हा आमच्या गावांच्या वेशी बंद व्हायच्या. तुम्ही या, तुमच्यासाठी उघडी ठेवतो."

मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

ते बोलत होते मुलूखगिरीबद्दल. मी सातवीच्या वर्गाला हा शब्द कितीतरी वर्षे शिकवला. दसऱ्याला सीमोल्लंघन, मग फौजा मोहिमेवर, मराठ्यांचे घोडे कुठवर गेले वगैरे. मुलांना ऐकायला आवडायचे आणि मला सांगायला. पण ज्या गावावरून ते घोडे गेले, त्या गावाचे काय झाले, हा प्रश्न ना एकाही मुलाने विचारला, ना मी स्वतःला.

इतिहास थोडक्यात असा. 1753 मध्ये अहमदाबाद मराठ्यांकडे आले आणि गुजरातचा वसूल पेशवे व गायकवाड यांच्यात वाटला गेला. काठेवाडात मात्र नीट राज्यकारभार असा बसलाच नाही. तिथे शेकडो लहानमोठे संस्थानिक आणि गिरासदार. त्यांच्याकडून खंडणी घ्यायची तर दरवर्षी फौज नेऊन घ्यायची, ही रीत पडली. पावसाळा संपला, वाटा सुकल्या, नद्यानाले उतरले, म्हणजे दसऱ्यानंतर फौज निघायची. मुक्कामामागून मुक्काम करत द्वीपकल्पाला वळसा घालायची. पुढल्या पावसाच्या आत परत. म्हणजे बघा, आमचा नातू ज्या हंगामात, ज्या मुलखात तंबू टाकायला निघाला आहे, अगदी तोच हंगाम आणि तोच मुलूख!

गढीवर तोफा डागून ती घेत बसायला फौजेला वेळ नसे. त्याची गरजही नसे. शेतात पीक उभे असे, तेच ओलीस. खंडणीचा आकडा जमिनीवर ठरत नसे; ज्याची तटबंदी पक्की तो कमी देई, जो दुबळा तो जास्त. काठी लोकांनी या फौजांना फार झुंजवले, म्हणून मराठे सगळ्या द्वीपकल्पालाच काठेवाड म्हणू लागले. मूळ काठ्यांचा मुलूख त्यातला एक भाग. आपण सहज वापरतो त्या नावातही अशी लढाई दडलेली आहे. एवढे मात्र सांगितले पाहिजे की, ही रीत एकट्या मराठ्यांची नव्हती. जुनागडचा नवाबही आपल्या शेजाऱ्यांकडून वसूल घेई. त्याचे नाव जोरतलबी, म्हणजे जोरावर मागितलेले.

पण मला खरा चटका लावला तो आपल्या शब्दाने. घासदाणा. खंडणीच्या एका बाबीचे हे नाव. घोड्यांचा घास आणि दाणा. पुढे तो रोख पैशांत घेत, पण नाव तेच राहिले.

कडब्याची किंमत आमच्या पिढीला विचारा. 1972 च्या दुष्काळात मी ऐन विशीत होतो. खडी फोडायला जाणारी माणसे पाहिली, सुकडीच्या रांगा पाहिल्या, आणि दावणीला उभी जनावरे हाडांचे सापळे होताना पाहिली. वैरण संपली की घर संपते, हे तेव्हा कळले. पुढे 1975 नंतर अण्णा हजारे फौजेतून गावी परतले, श्रमदान सुरू झाले, नाले अडवले, पाझर तलाव दुरुस्त झाला. पण पाणी अडवण्याइतकीच महत्त्वाची ठरली ती चराईबंदी. मोकाट जनावरे डोंगरावर सोडायची नाहीत, हा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला. तेव्हा कुठे गवत उगवले, माती थांबली. आपलीच चार शेळ्या-मेंढ्या सोडल्या तर डोंगर उघडा पडतो, हे आम्ही जाणतो. मग हजारो घोडी आणि बैल एका कोरड्या गावाच्या शिवारात उतरल्यावर मागे काय उरत असेल? त्या गावाला आकडा मोजून द्यावा लागे तो वेगळाच.

1807 मध्ये बडोद्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल वॉकर गायकवाडांच्या फौजेबरोबर काठेवाडात गेला. त्याने संस्थानिकांशी करार करून प्रत्येकाची वार्षिक रक्कम ठरवून टाकली. आधी दहा वर्षांसाठी, पुढे ती कायमचीच झाली. गायकवाडांचे सुभेदार विठ्ठलराव देवाजी अमरेलीहून कारभार पाहत. फौज दरसाल फिरवायचे कारण उरले नाही. लोकांना थोडा श्वास मिळाला, पण मुलूख इंग्रजांच्या मुठीत गेला. 1817 च्या पुणे तहात पेशव्यांनी तिथला आपला हक्क सोडला, आणि 1820 मध्ये गायकवाडांनी इंग्रजांमार्फतच वसूल घ्यायचे मान्य केले. रयतेला जे हवे होते ते आपण दिले नाही, म्हणून ते देण्याचा मान परक्याला मिळाला. हे वर्गात सांगायला हवे होते. राहून गेले.

याचा अर्थ आपल्या पूर्वजांना शिव्या घालायच्या असा नाही. त्याच काळात त्याच द्वीपकल्पात आपले दुसरेही एक माणूस पोचले होते. 1783 मध्ये सोमनाथला मंदिर बांधणाऱ्या अहिल्याबाई आमच्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्यांचे नाव आता जिल्ह्याला आहे. सोमनाथला जाऊन लोक त्यांच्या नावाने हात जोडतात. घासदाणा नेणाऱ्यांची आठवण वेशीच्या दारांनी ठेवली, ती व्याह्यांच्या थट्टेत मला ऐकू आली. दोन्ही आपलेच. वारसा घ्यायचा तर दोन्ही घ्यावा लागतो.

असो. काल रात्री नकाशा परत उघडला. नातवाला सांगितले, तंबू शेतकऱ्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. पाण्याचे कॅन बडोद्याहूनच भरून घ्यायचे. चुलीला सरपण तिथले तोडायचे नाही, शेगडी न्यायची. तो म्हणाला, "आजोबा, किती नियम!" म्हटले, राळेगणचा आहेस ना?

सूनबाईंनी गाडीत अर्धे पोते बाजरी टाकायची ठरवली आहे, घरच्या शेतातली, अमरेलीच्या घरासाठी. व्याह्यांना फोन करून सांगितले, "यंदा घासदाणा आमच्याकडून."

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, लवकर या."