देणाऱ्यावरची बंधने

एखादी वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवताना अटी लिहायच्या, त्या वापरणाऱ्याला आवर घालण्यासाठी, असे आपण गृहीत धरतो. महाराष्ट्रातले जुने दानलेख नीट वाचले तर हे गृहीत डळमळते. त्यांत सर्वांत स्पष्ट लिहिलेली बंधने बऱ्याचदा खुद्द देणाऱ्यावर आहेत, आणि माझ्या मते त्या लेखांचा नेमकेपणा तिथूनच आला आहे. आपल्या हातून, आपल्या माणसांकडून किंवा पुढच्या राजांकडून या दानाला काय धोका आहे, हे देणाऱ्याला पक्के ठाऊक होते. त्याने ते नाव घेऊन लिहिले.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्यात, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञापत्रे कोरलेली आहेत. त्याच्या राज्याच्या १८व्या वर्षी गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला कळवले आहे, की पूर्वी उषवदाताकडे असलेले काखडी गावचे २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत या लेण्यांच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना दिले आहे. लगेच पुढे सवलती येतात: सैनिकांनी शेतात शिरू नये, कोणी त्याला हात लावू नये, मिठासाठी ते खणू नये, प्रांताच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये. भिक्षूंनी कसे वागावे याबद्दल अक्षर नाही. मनाई आहे ती राजाच्याच माणसांना. यावर कोणी म्हणेल, की हा लेखनिकांचा ठरीव मजकूर होता. कार्ल्याच्या लेण्यातही जवळजवळ हीच यादी सापडते. आक्षेप खरा आहे. पण ठरीव मजकूर पोकळच असतो असे नाही, आणि त्याचा पुरावा त्याच भिंतीवर आहे. २४व्या वर्षी दुसरे पत्र निघाले. काखडीतले शेत कसले जात नाही, गावात वस्तीही उरलेली नाही, म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत, असा हुकूम आहे, आणि सवलती पुन्हा पहिल्यासारख्याच. दिलेले दान निरुपयोगी ठरले हे राज्यकर्त्यांनी दगडावर मान्य केले आणि व्यवहार दुरुस्त केला. नुसती औपचारिकता असती, तर हे दुसरे पत्र निघायचे कारणच नव्हते.

त्याच डोंगरावर, दहाव्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई असलेल्या त्याच उषवदाताने ठेवलेल्या ३००० कार्षापणांचा (त्या काळच्या नाण्यांचा) हिशेब आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. गणित करून पाहावे: वर्षाचे व्याज २४०, आणि वीस बारे २४०. रुपयाची कसर नाही. हे सारे निगमसभेत ऐकवले आणि दप्तरात नोंदवले, असेही लेख सांगतो. म्हणजे ‘लेण्याच्या भिंतीवरची अक्षरे वाचणारे होते तरी किती?’ या शंकेचे उत्तर लेखातच आहे. व्यवहाराची भिस्त एकट्या भिंतीवर नव्हती.

घेणाऱ्यावर अटी घालणारा लेखही आहे, आणि तो माझ्या म्हणण्याच्या आड येईल असे प्रथम वाटते. अमरावती जिल्ह्यातल्या चम्मक इथे सापडलेल्या ताम्रपटात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात एक हजार ब्राह्मणांना गाव दिल्याची नोंद आहे. दान चंद्रसूर्य असेपर्यंतचे, पण अटींवर: राज्याशी द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार वा राजावर विषप्रयोग करू नये, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. याच्या उलट कोणी वागला किंवा तशा वागण्याला संमती दिली, तर राजाने जमीन काढून घेणे ही चोरी ठरणार नाही. हे शेवटचे कलम मला विलक्षण वाटते. एवढे अपराध घडल्याशिवाय जमीन काढून घेतली तर ती चोरीच, आणि चोर खुद्द राजा, हे त्यात ओघाने कबूल झाले आहे. घेणाऱ्याला घातलेली प्रत्येक अट राजाच्या हाताभोवतीही रेघ ओढते.

पुढे शिलाहारांच्या काळात कोकणात गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणारे दगड, उभे राहिले, तेव्हा ही शिस्त सैल झाली. वर चंद्रसूर्य, मधे लेख, खाली गाढव आणि स्त्री यांचे शिल्प. शके ११०८ चा परळचा लेख संस्कृतात आहे, पण दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी मराठीत. ती ज्याच्या कानी पडायची त्याला कळावी म्हणूनच, असे मानणे सयुक्तिक आहे. ज्याला अक्षरओळख नाही त्याला शिल्प समजे. पोहोचण्याच्या दृष्टीने याहून परिणामकारक काही सुचणे कठीण. तरीही मला गद्धेगाळ नाशिकच्या लेखांपेक्षा कमी प्रतीचा वाटतो. काय केले म्हणजे दान मोडले, हे शिवी सांगत नाही, आणि शिक्षा मोडणाऱ्याच्या आईवर जाते, जिचा त्या जमिनीशी काही संबंध नाही. त्या काळी शिव्या अशाच असत, हे उत्तर मला पुरत नाही; हजार वर्षे आधीच्या त्रिरश्मीच्या भिंतीवर आई येते ती आज्ञा देणारी म्हणून. २४व्या वर्षीच्या त्या पत्रात गौतमीपुत्राच्या बरोबरीने राजमातेचेही नाव आहे.