बोर्डाची शाळा, बोर्डाचा रस्ता

आपल्या बेळगाव-खानापूर भागातली ऐंशीच्या पुढची माणसं अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात. नातवंडांना वाटतं, बोर्ड म्हणजे फळा! हे बोर्ड म्हणजे बेळगाव जिल्हा लोकल बोर्ड. ते जाऊन साठ वर्षं उलटली, म्हणून चार ओळी लिहून ठेवतोय.

सुरुवात शेतसाऱ्यापासून झाली. मुंबई इलाख्यात साऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसली. १८६९ च्या कायद्यानं ती पक्की झाली. हाच 'लोकल फंड'. त्यातला तिसरा हिस्सा शाळांना, बाकीचा रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामांना. पैसा शेतकऱ्याचा, पण कमिटीवर हुकूम कलेक्टरचा. १८८४ च्या कायद्यानं जिल्हा आणि तालुका बोर्डं आली, काही सभासद निवडून येऊ लागले. १९२३ मध्ये नवा कायदा झाला, बोर्डावर लोकांच्या माणसांचं वजन वाढलं आणि प्राथमिक शाळाही बोर्डाकडे आल्या. मराठी असोत की कानडी, दोन्ही शाळांचा कारभार एकाच ठिकाणी. १९३८ मध्ये तालुका बोर्डं मोडली, जिल्हा बोर्ड उरलं.

१ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला जोडला. तिथून दोन वाटा झाल्या. चंदगडकरांना १९६२ मध्ये निवडून दिलेली जिल्हा परिषद मिळाली. आपल्याकडे म्हैसूरच्या १९५९ च्या कायद्यानं तालुका बोर्डं आली, पण जिल्ह्याला नुसती विकास परिषद. अध्यक्ष जिल्हाधिकारी, काम सल्ला देण्याचं. म्हणजे फिरून कलेक्टरच! निवडून आलेली जिल्हा परिषद यायला १९८७ उजाडलं.

सीमाप्रश्नात आपण भाषेचं दुःख बोलतो, ते खरंच आहे. पण मला वाटतं, आपलं आणखी एक नुकसान झालं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. शाळेला मास्तर नाही, पूल खचला, तर जिल्ह्याच्या गावी जाऊन आपणच निवडून दिलेल्या माणसाला जाब विचारायची जागा पंचवीसेक वर्षं नव्हती. हे नुकसान गोकाक-अथणीच्या कानडी शेतकऱ्याचंही तेवढंच झालं.

घरातल्या ट्रंकेत बोर्डाच्या शाळेचा दाखला, लोकल फंडाची नोंद असलेली साऱ्याची पावती असेल, तर कृपा करून रद्दीत घालू नका. आपल्या गावात मराठी शाळा कधीपासून होती, हे सांगणारा तोच कागद आहे.