फुटपाथची कड आणि मार्गदर्शक कुत्रा

आज आपण एका अगदी साध्या गोष्टीचा इतिहास बघणार आहोत: फुटपाथच्या कडेचा.

१९२८ साली मॉरिस फ्रँक हा दृष्टिहीन अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडहून ‘बडी’ नावाची प्रशिक्षित कुत्री घेऊन न्यूयॉर्कला उतरला. पत्रकारांच्या देखत त्याने तिच्या साथीने वर्दळीचा वेस्ट स्ट्रीट ओलांडला. पुढच्याच वर्षी ‘द सीइंग आय’ ही कुत्र्यांना प्रशिक्षण देणारी संस्था उभी राहिली.

इथे आपला एक गैरसमज दूर करू. सिग्नल हिरवा झाला की कुत्रा माणसाला पलीकडे नेतो, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. कुत्रा कडेशी थांबतो. माणूस कानाने रहदारीचा अंदाज घेतो आणि ‘चल’ म्हणतो. गाडी अंगावर येत असेल, तर कुत्रा ती आज्ञा मोडतो. तसं त्याला शिकवलेलंच असतं. म्हणजे सगळी सुरुवात कडेपासून होते.

पण हीच कड चाकाच्या खुर्चीला अडवते. १९७०च्या दशकात बर्कलीसारख्या अमेरिकन शहरांत अपंगांच्या चळवळीने चौकाचौकांत कडेला उतार करून घेतले. मागणी रास्तच होती. मात्र उतार जितका सफाईदार, तितकं रस्ता कुठे सुरू झाला हे काठीला आणि कुत्र्याला कळणं अवघड झालं.

यावरचा उपाय जपानमध्ये आधीच निघाला होता. सेइइची मियाके यांनी १९६५ साली पायाला जाणवेल अशी उठावाची फरशी तयार केली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळ ती पहिल्यांदा बसवली गेली. उताराच्या तोंडाशी उठावाचे ठिपके आले, की दोघांचीही सोय होते.

तरी हा धडा विसरला गेलाच. २००० नंतर ब्रिटनमध्ये ‘शेअर्ड स्पेस’ची कल्पना रुजली: फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर, चालक-पादचाऱ्यांनी नजरानजर करून एकमेकांना वाट द्यायची. आता ज्याला दिसतच नाही, त्याने काय करायचं? अंधांच्या संघटनांनी आवाज उठवला. अखेर २०१८ साली सरकारने इंग्लंडमधल्या स्थानिक संस्थांना अशा नव्या सपाट योजना थांबवायला सांगितलं.

आपल्याकडेही मेट्रो स्टेशनांत, फुटपाथवर पिवळ्या फरशा दिसतात. घरी जाताना एकदा बघा, त्या नेमक्या कुठे जाऊन संपतात: रस्ता ओलांडायच्या जागेशी, की एखाद्या खांबाशी?